आंघोळीचं पाणी माहुलला जातं

ईदच्या आदल्या दिवशी सकाळी मी आपाकडे माहुलला गेलो होतो. आपा म्हणजे माझी मोठी चुलत बहीण. तिची मुलगी घाटकोपरला एका कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. ईदची गर्दी, त्यामुळे सुट्टी नाही. ती तयार होऊन निघाली आणि दारात उभी राहून डिओ मारू लागली. आधी बगलेत, मग ओढणीवर, मग केसांवर, शेवटी बॅगेवरसुद्धा. खोली वासाने भरून गेली. आपाला खोकला आला.

मी मामाच्या अधिकाराने बोललो, "अगं, पुरे की! अर्धी बाटली संपवलीस. नुसतं केमिकल असतं ते. तुझ्या अम्मीला त्रास होतोय, दिसत नाही का?"

ती शांतपणे म्हणाली, "मामू, तुम्ही संध्याकाळी घरी जाल. इथला वास तुमच्यासोबत येत नाही. माझ्या कपड्यांना तो रोज असतो. दुकानातली एक मुलगी मला विचारते, तू गॅसच्या गोडाऊनजवळ राहतेस का? तिला मी काय सांगू?"

एवढं बोलून ती चप्पल घालून निघून गेली. मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला थोडी लाजच वाटली. मी वर्गात मुलांना पर्यावरणाचा धडा शिकवणारा माणूस. प्लास्टिक नको, केमिकल नको, हे मला तोंडपाठ आहे. पण ज्या मुलीला मी तो धडा ऐकवला, ती ज्या हवेत राहते त्या हवेबद्दल मी तिला कधी एक शब्द विचारला नव्हता.

संध्याकाळी कुर्ल्याला घरी आलो. आंघोळीला बसलो. शाम्पूचं एक पाऊच फोडलं, डोक्याला लावलं, फेस झाला, दोन तांबे ओतले. फेस मोरीतून निघून गेला. तेव्हा मनात आलं, हा जातो कुठे? आणि आला कुठून? या दोन प्रश्नांच्या मागे गेलो, तर दोन्हीकडून परत माहुललाच पोचलो. आज तेच तुम्हाला सांगायचं आहे.

पहिल्यांदा पाण्याचं बघू. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. त्यातला तानसा शहापूर तालुक्यातला, १८९२ सालचा. या तानसाचे मोठे मोठे नळ उपनगरांतून शहरात येतात. त्या नळांच्या कडेला वर्षानुवर्षं झोपड्या होत्या. पवई, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला अशा सगळ्या पट्ट्यात. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की नळांच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा. कारण साधं होतं. शहराच्या पिण्याच्या पाण्याची सुरक्षा. कारण चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या शहराचं पाणी उघड्यावर सोडून चालत नाही.

प्रश्न पुढचा आहे. तिथून उठवलेली पाच हजारांहून जास्त कुटुंबं २०१७ पासून माहुलच्या प्रकल्पग्रस्तांच्या इमारतींमध्ये पाठवली गेली. बहात्तर इमारती. त्या वसाहतीचं नाव एव्हरस्माईल. म्हणजे कायम हसत राहणारी. आपाचं झोपडंही त्याच पट्ट्यात होतं. रिकाम्या झालेल्या जागेवर नळाच्या कडेने सायकल ट्रॅकची योजना आली. नावही छान होतं, हिरवी चाकं आणि निळ्या रेषा असं काहीतरी.

आता माहुल म्हणजे काय ते मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठाला हे जुनं कोळ्यांचं गाव. १९५४ आणि १९५५ साली इथे दोन तेल शुद्धीकरण कारखाने सुरू झाले, एक एस्सोचा, एक बर्मा शेलचा. सत्तरच्या दशकात ते सरकारी झाले. आज त्यांना आपण हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणतो. शेजारी खताचा कारखाना, टाटांचं वीज केंद्र आणि रसायनं साठवायच्या टाक्याच टाक्या. गाव मध्ये अडकलेलं.

या हवेविरुद्ध सगळ्यात आधी तक्रार केली ती गावच्या लोकांनी, झोपड्यांतून आलेल्यांनी नव्हे. माहुल आणि आंबापाड्यातले लोक राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २०१३ साली केईएम रुग्णालयाने तिथल्या रहिवाशांची पाहणी केली होती. शंभरातल्या सदुसष्ट लोकांनी सांगितलं की महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागतो. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने निकाल दिला आणि इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे हे मान्य केलं. तारीख नीट लक्षात ठेवा. डिसेंबर २०१५. हवा धोक्याची आहे हे कागदावर लिहून झाल्यानंतर दोन वर्षांनी हजारो लोकांना त्याच हवेत राहायला पाठवलं गेलं.

पुढे ८ ऑगस्ट २०१८ ला भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट झाला. चाळीसहून जास्त माणसं जखमी झाली. लोकांनी आंदोलन उभं केलं, विद्याविहारच्या फुटपाथवर महिनोन्महिने बसले. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं की लोकांना माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही. दुसरं घर द्या, नाहीतर भाड्यासाठी महिन्याला १५,००० रुपये आणि अनामत ४५,००० रुपये द्या. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई ठरवली. आदेश झाले, आकडे झाले. आपा मात्र अजून तिथेच आहे आणि खिडकी कधी उघडायची हे अजून वाऱ्याची दिशा बघूनच ठरवते.

म्हणजे माझ्या नळाला स्वच्छ पाणी यावं म्हणून जी जागा मोकळी झाली, तिथली माणसं माहुलला गेली. माझ्या नळाला येणारा थेंब तानसाचाच असतो असं नाही, सात तलावांचं पाणी शहरात एकत्र होतं. पण हिशेब शहराचा आहे आणि त्या शहरात मी राहतो.

आता फेसाकडे येऊ. शाम्पूला फेस आणणारा जो पदार्थ पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत सोडियम लॉरेथ सल्फेट म्हणून लिहिलेला असतो, त्याचा एक भाग पाम किंवा खोबऱ्याच्या तेलातून येतो आणि दुसरा भाग इथिलीन ऑक्साइडमधून. इथिलीन ऑक्साइड येतं कच्च्या तेलापासून किंवा नैसर्गिक वायूपासून. चिकट न वाटणारं जे हलकं केसांचं तेल आपण आवडीने लावतो, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत सगळ्यात जास्त असतं ते लिक्विड पॅराफिन. ते खनिज तेलच. बाळाला चोळायचं पांढरं तेलही बहुतेक वेळा तेच. थंडीत ओठांना लावतो ती पेट्रोलियम जेली तर नावातच सांगते. १८५९ च्या सुमारास अमेरिकेत विहिरींतून तेल काढायला सुरुवात झाली, तेव्हा पंपाच्या दांड्यांना मेणासारखी घाण चिकटायची. चेसब्रो नावाच्या एका माणसाने ती साफ करून डबीत भरली आणि १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आणि भाचीच्या हातातला तो डिओचा डबा? तो फवारा ज्या वायूच्या जोरावर उडतो, तो बहुतेक डब्यांत ब्युटेन आणि प्रोपेन असतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात असतो तोच.

माझ्या बाटलीतलं पॅराफिन माहुलच्याच कारखान्यातून आलं असं मी म्हणत नाही. ते मला माहीत असायचं कारणही नाही. पण जात तीच. आपण ज्याला ताजेपणाचा सुगंध म्हणतो आणि आपा ज्याला गॅसचा वास म्हणते, ते एकाच खानदानातले आहेत. एक सुंदर बाटलीत बसलेला भाऊ, एक टाकीच्या झाकणातून निसटलेला.

ही नुसती शब्दांची गंमत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. शहरांच्या हवेत तेलापासून बनलेली जी उडून जाणारी रसायनं असतात, ती येतात कुठून हे त्यांनी मोजलं. औद्योगिक देशांतल्या ३३ शहरांत त्यातला जवळजवळ अर्धा वाटा गाड्यांचा नव्हता. तो रंग, शाई, गोंद, कीटकनाशकं, सफाईची द्रावणं आणि अंगाला लावायच्या वस्तूंचा होता. कारण उघड आहे. पेट्रोल आपण जाळतो, त्यातलं बरंचसं जळून जातं. डिओ, परफ्यूम, स्प्रे यांचं कामच हवेत उडून जाण्याचं. उन्हात ही रसायनं गाड्यांच्या धुराशी मिळून ओझोन तयार करतात आणि तो ओझोन छातीला बोचतो. मुंबईत गाड्या आणि कारखाने यांचाच भार मोठा आहे, तिथला आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. भाचीच्या डब्याची आणि कारखान्याच्या धुराड्याची बरोबरी कोणी करत असेल तर तो अन्याय होईल. पण बाटलीतलं ते स्वच्छ आणि धुराड्यातलं ते घाण, ही आपल्या मनातली वाटणी खरी नाही, एवढं नक्की.

आता राहिला तिसरा प्रश्न. मोरीतून गेलेला फेस कुठे गेला? पूर्व उपनगरांचं सांडपाणी मलवाहिन्यांतून भांडुप आणि घाटकोपरच्या केंद्रांत जातं आणि तिथून ठाण्याच्या खाडीत. हे ज्यांच्याकडे मलवाहिनी आहे त्यांचं. माझ्यासारख्या चाळीतल्या मोरीचं पाणी दारासमोरच्या गटारात जातं, गटार नाल्यात आणि नाला खाडीत. कुर्ला, चेंबूर, शीव, माटुंगा, वडाळा या भागांतलं पावसाचं पाणी ज्या खाडीकडे उतरतं ती माहुलची खाडी. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर चितळे समितीने शहरात आठ ठिकाणी पाणी उपसायची केंद्रं सुचवली होती. त्यातलं एक माहुलचं. सहा झाली. माहुलचं मिठागराच्या जागेच्या वादात कित्येक वर्षं अडकलं. नाल्यांची रचना पावसासाठी झालेली, पण बाराही महिने त्यांतून वाहतं ते आपलं साबणाचं पाणी. म्हणजे तुमची मोरी आमच्यासारखी असेल तर हिशेब सरळ आहे. आंघोळीचं पाणी माहुलला जातं.

थोडं गणित करू. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. समजा एका दिवशी प्रत्येकाने दहा मिलिलीटर शाम्पू वापरला, म्हणजे दोन चमचे. तर एक लाख चोवीस हजार लिटर शाम्पू झाला. दहा हजार लिटरचे बारा टँकर भरून वर थोडा उरेल. बारा टँकर कोणी माहुलच्या खाडीत आणून ओतले असते तर पोलीस आले असते, वर्तमानपत्रात फोटो आले असते. चमच्याचमच्याने ओतलं तर कोणाचंच नाव येत नाही.

यातलं सगळंच वाईट नाही हेही सांगितलं पाहिजे. साधा साबण आणि फेसाचे बरेच पदार्थ पाण्यातले जिवाणू काही दिवसांत खाऊन टाकतात, पाण्यात प्राणवायू असेल तर. पण नाल्यात तो उरतोच किती? आणि काही गोष्टी जिवाणूंनाही पचत नाहीत. जंतुनाशक साबणात वापरलं जाणारं ट्रायक्लोसान घ्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये हात-अंग धुण्याच्या जंतुनाशक साबणांतून ट्रायक्लोसानसह १९ पदार्थ काढायला लावले. कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा त्यांचा जास्त फायदा होतो हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नाही. ट्रायक्लोसान पाण्यातल्या शेवाळाला विषारी आहे, माशांच्या अंगात साठतं, आणि त्याच्या संगतीत जिवाणू औषधांना दाद न देण्याची सवय लावून घेतात अशी शास्त्रज्ञांना चिंता आहे. हे आपल्यापासून लांबचं नाही. तामिळनाडूच्या कावेरी, वेल्लार आणि ताम्रपर्णी नद्यांच्या पाण्यात ते सापडल्याचं २०११ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. तीच गोष्ट कृत्रिम कस्तुरीची. अत्तरापासून कपड्यांच्या साबणापर्यंत सगळीकडे ती असते, आणि जगभरच्या नद्यांत व माशांच्या चरबीत ती सापडली आहे. चेहरा घासायच्या क्रीममधले प्लास्टिकचे बारीक मणी अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने बंद केले. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०१७ मध्ये त्यांना सौंदर्यप्रसाधनांत असुरक्षित ठरवलं आणि २०२० पासून ते लागू केलं. म्हणजे कायदा करायचं ठरवलं तर करता येतो.

आणि पाऊच? शाम्पूचं पाऊच १९८० च्या दशकात तामिळनाडूतून देशभर पसरलं. गरिबाला रुपयात शाम्पू मिळाला, ही छोटी गोष्ट नव्हती. माझ्या अम्मीने आयुष्यात शाम्पूची बाटली विकत घेतली नाही, पाऊचच घेतलं. पण ते पाऊच दोन-तीन थरांचं असतं, वितळवून पुन्हा काही करता येत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत लिहिलं होतं की पुन्हा वापरता न येणारं बहुथरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद होईल. २०१८ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. ज्याचा दुसरा काहीच उपयोग नाही, जाळून ऊर्जाही मिळत नाही, तेवढंच बंद, असं झालं. जाळता तर सगळंच येतं. पाऊच राहिलं. पावसाळ्यात ते नाल्यातून वाहत येतं आणि भरती उतरली की माहुलच्या चिखलात चमकत पडतं.

त्याच चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. शिवडी आणि माहुलच्या काठाने हजारोंनी. लोक लांबून कॅमेरे घेऊन येतात. पलीकडच्या ठाणे खाडीतल्या भागाला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर यादीतही नाव गेलं. मला त्याचा आनंद आहे. पण त्याच चिखलात कोळणी निवट्या आणि चिंबोऱ्या वेचत आल्या आहेत आणि मासळी कमी झाली हे त्या वर्षानुवर्षं सांगत आहेत. त्यांचा फोटो काढायला कोणी येत नाही. रोहित पक्षी मे महिन्यात उडून जातात. माणसं राहतात.

इथे मला माझ्या समाजातल्या वाचकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही. आपल्याकडे पाकीला फार महत्त्व. दिवसातून पाच वेळा हात, तोंड, पाय धुणारा समाज आहे आपला. लहानपणी मदरशात आपण शिकलो की वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूला गरजेपेक्षा जास्त पाणी घेऊ नका. हेही शिकलो की घाणीमुळे पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली तर ते पाणी वुजूला चालत नाही. किती सोपी तपासणी आहे! ना प्रयोगशाळा, ना यंत्र. ही तपासणी घेऊन एकदा माहुलच्या खाडीवर जाऊन उभे राहा.

आजकाल हलाल साबण, हलाल शाम्पू, हलाल क्रीम बाजारात आली आहेत. आपण पाकीट उलटून बघतो. अल्कोहोल नाही ना, डुकराची चरबी नाही ना? नाही. मग घेतो आणि निश्चिंत होतो. अत्तराचंही तेच. मोहम्मद अली रोडवरून बाटली आणली, अल्कोहोल नाही म्हणून शुद्ध समजलो. जुनं अत्तर चंदनाच्या तेलावर उतरवलेलं असायचं. आज शंभर-दोनशे रुपयांत चंदनाचं तेल कोण देणार? ती कृत्रिम सुगंधाची आणि रासायनिक द्रावकाची बाटली असते. ती वापरू नका असं मी म्हणत नाही. मीही जुम्याला लावतो. पण आपली तपासणी आपल्या कातडीपाशी थांबते. माझ्यापर्यंत काय आलं एवढंच आपण विचारतो. माझ्यापासून पुढे काय गेलं, कोणाच्या दारात गेलं, हे विचारत नाही. माझं अंग पाक व्हावं म्हणून दुसऱ्याचं पाणी आणि दुसऱ्याची हवा नापाक होत असेल, तर ती पाकी अर्धीच झाली. इस्राफ म्हणजे फक्त लग्नातल्या बिर्याणीची नासाडी नव्हे.

मग करायचं काय? एक उत्तर बाजाराकडे तयार आहे. नैसर्गिक शाम्पू घ्या, सेंद्रिय डिओ घ्या, पाचशे रुपये, सातशे रुपये. हे उत्तर मला मान्य नाही. आपाच्या घरात सातशे रुपयांचा शाम्पू येणार नाही, येऊही नये. ज्यांनी सगळ्यात कमी वापरलं आणि सगळ्यात जास्त श्वासात घेतलं, त्यांनाच जास्त पैसे मोजायला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. शिवाय नैसर्गिक हा शब्द पाकिटावर छापायला फारसं काही लागत नाही.

घरात करता येण्यासारखं आहे ते कमी खर्चाचं आहे, जास्त खर्चाचं नाही. जंतुनाशक म्हणून महाग विकला जाणारा साबण सोडून साधी वडी घेतली तर पैसे वाचतात. शाम्पूचं पाऊच अर्धं वापरून चिमट्याने बंद करता येतं, फेस जास्त म्हणजे सफाई जास्त असं नसतं. अंगाला लावायच्या पाच वस्तूंपैकी तीन सवयीने येतात, गरजेने नाही. माझ्या कपाटात मोजल्या तेव्हा नऊ निघाल्या. मी एकटा माणूस, डोक्यावर केस अर्धे.

पण खरं काम घराबाहेरचं आहे आणि ते आपण सोडून देतो. शहरात सांडपाण्याची सात नवी केंद्रं उभारायची आहेत, जानेवारी २०२३ मध्ये पायाभरणी झाली. ती वेळेवर होतात का, आणि चाळींच्या व वस्त्यांच्या गटारांचं पाणी त्यांच्यापर्यंत पोचतं का, हे नगरसेवकाला विचारायला हवं. मतं मागायला तो मोहल्ल्यात येतो तेव्हा आपण त्याला कब्रस्तानाची भिंत आणि रस्त्याचा खड्डा सांगतो. नाल्याचं पाणी सांगत नाही. पाकिटावर सुगंध या एका शब्दाखाली काय काय घातलं आहे ते लिहायला लावायला हवं. पाऊच बनवणाऱ्याने ते परत गोळा करायला हवं. २०२२ पासून तशी जबाबदारी कागदावर त्यांच्यावर आहेच. आणि माहुलच्या लोकांना न्यायालयाने जे देऊ केलं ते त्यांच्या हातात पडायला हवं. हा पर्यावरणाचा प्रश्न नाही, पुनर्वसनाचा आहे, असं कोणी म्हणेल. मला आता या दोहोंत फरक करता येत नाही.

ईदच्या दिवशी आपा आणि भाची शीरखुर्म्याला घरी आल्या. मी भाचीला ईदी दिली आणि म्हणालो, "परवा मी तुला उगाच बोललो. चूक झाली."

ती हसली. म्हणाली, "मामू, इथे आले की मी डिओ मारतच नाही. तुमच्या लक्षात आलं का?"

नव्हतं आलं. कुर्ल्याची हवा काही फार चांगली नाही, पण तिला तिच्या कपड्यांचा वास लपवावासा वाटेल इतकी वाईटही नाही. त्या दिवशी तिने साधा साबण लावला होता आणि नवे कपडे घातले होते, एवढंच. तिला डबा सोडायला सांगायचा हक्क मला तेव्हा मिळेल, जेव्हा तिला त्याची गरज पडणार नाही अशा जागी ती राहायला जाईल. तोपर्यंत माझ्या मोरीतून काय जातं, एवढं बघणं माझ्या हातात आहे. आणि ते पाणी जिथे जातं तिथल्या माणसांच्या बाजूने बोलणंही.